भिमाबाईंचं पंपावरचं तीर्थ

मांजर्लीत असं बोललं जातं की भिमाबाई ओव्हाळ पेट्रोल पंपाच्या अलीकडे गाडीतून भूत उतरवतात.

आणि उगाच नाही, पुराव्यानिशी बोललं जातं. पंपाशेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या आण्णांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. आण्णा एकदा सांगायला लागले की हातातली किटली खाली ठेवायचं विसरतात आणि चहा गिऱ्हाइकाच्या चपलेवर पडतो. "जीप येते. मागे ते पांढरं डबडं. पंप आला की माणसानं सरळ आत जायचं ना? नाही! अलीकडे, त्या बंद वजनकाट्यापाशी थांबते. म्हातारी उतरते. डबड्याला प्रदक्षिणा घालते. मग नाक लावून हुंगते. हुंगते हो! मग तीनदा कायतरी ओरडते, आणि मग जीप पंपावर. डिझेल भरून झालं की पुढे जाऊन परत थांबते आणि बाटलीतलं पाणी शिंपडते. त्या पाण्याला फेस येतो. साध्या पाण्याला फेस येतो का? सांगा की तुम्ही!"

ही बातमी मांजर्लीतून निघून बदलापूर गावात पोचेपर्यंत त्या भुताला नाव, गाव आणि लग्न मोडल्याचं दुःख असं सगळं चिकटलं होतं. एक जण तर नवी कोरी स्कूटर घेऊन भिमाबाईंच्या दारात उभा राहिला. हँडलला हार, सीटवर अजून प्लास्टिक.

"मावशी, हिच्यावर पण दोन थेंब."

"साबणाचं पाणी आहे रे ते, शहाण्या!"

"चालेल की. धुऊन पण निघेल."

भिमाबाईंना याचा राग यायचा तो खरा घराण्याचा. "माझ्या सासऱ्यानं छप्पन साली देवघर रिकामं करून तिथं पुस्तकांची फळी ठोकली, ती काय मी म्हातारपणी पंपावर उतारे टाकावेत म्हणून?" असं त्या ज्याला-त्याला विचारायच्या. विचारताना उजवा हात कमरेवर आणि डाव्या हाताची बोटं समोरच्याच्या नाकापासून वीतभर लांब. समोरचा म्हणायचा, "नाही मावशी, बरोबर आहे मावशी," आणि कोपऱ्यावर जाऊन सांगायचा की भूत बहुतेक सासऱ्याचंच असावं.

तर खरं काय ते आता सांगायला हवं.

भिमाबाईंच्या मुलानं, महेंद्रनं, उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमध्ये जीपच्या मागे ओढायचं फिरतं घर बनवून घेतलं. चाकांवरची एक पांढरी खोली. आत दोन पलंग, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, दोन बर्नरची शेगडी, कोपऱ्यात पट्ट्यानं बांधलेला छोटा सिलिंडर आणि एक जुना पण झकास फ्रिज. हा फ्रिज गॅसवर चालतो. खाली ज्योत पेटते आणि वर बर्फ होतो. भिमाबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांनी कितीतरी वेळा खाली वाकून ज्योत बघितली, वर हात घालून बर्फ चाचपला आणि शेवटी सुनेला, प्रीतीला, म्हणाल्या, "चुलीवर बर्फ! आता फक्त कोंबडीनं दूध द्यायचं बाकी राहिलंय."

पण एकदा पटल्यावर दुसरी गोष्टही त्यांच्या लगेच लक्षात आली. रस्त्यानं जाताना फ्रिज चालू ठेवला तर ती ज्योतही पेटलेली असते. आणि पंपावर पेट्रोलची वाफ हवेत तरंगत असते, ती काही कुणाला दिसत नाही. ती वाफ एवढ्याशा ज्योतीला भेटली की मग कुणी कुणाला भेटायला उरत नाही. म्हणून पंपाच्या बरंच अलीकडे थांबायचं, फ्रिज विझवायचा, शेगडी बघायची, सिलिंडर बंद करायचा, वास घ्यायचा, खिडक्या बघत एक चक्कर मारायची. पंप सोडून लांब गेलं की सगळं परत जोडायचं आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे आले तर गॅस गळतोय, नाही आले तर चला. ही झाली प्रदक्षिणा, आणि हेच ते तीर्थ.

सिलिंडरवर त्यांचा विश्वास नाही, याला कारण मांजर्लीचा पूर. त्या वर्षी नदी घरात शिरली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचे सिलिंडर बदकांसारखे रांगेनं तरंगत निघाले होते. भिमाबाईंनी आपला सिलिंडर नेसूच्या जुन्या लुगड्यानं खिडकीच्या गजाला बांधला आणि माळ्यावर बसून त्याला शिव्या घातल्या. तेव्हापासून त्या प्रत्येक सिलिंडरला लाल्या म्हणतात आणि त्याच्याशी, तो ऐकतो आहे पण मानत नाही, अशा सुरात बोलतात. "लाल्या, नीट राहा. माझं लक्ष आहे."

आता मुद्द्याचं. जीपमध्ये पुढची सीट, खिडकीजवळची, ही भिमाबाईंची. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांचा जन्म काउंटरमागे उभं राहण्यात गेला. जाताना-येतानाही कुणाच्या तरी कोपरांमधून जेवढं जग दिसेल तेवढंच. समोर एवढी मोठी काच, बाजूला उघडी खिडकी आणि रस्ता आपल्याकडे धावत येतोय, हे सुख त्यांना साठी उलटल्यावर मिळालं. त्या सीटवर बसल्या की त्या पदर खोचून, पाय जुळवून, एखाद्या सभेच्या अध्यक्षासारख्या बसायच्या.

आणि नेमकी तीच सीट धोक्यात आली.

झालं असं की फिरत्या घराला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. उल्हासनगरचे ठाकुरदास, पडद्याच्या कापडाचे व्यापारी. त्यांच्या आईचा, म्हणजे अम्मांचा, ऐंशीवा वाढदिवस बारवी धरणाच्या पाण्याकाठी करायचा होता. अम्मांना दात नव्हते, म्हणून केक आइस्क्रीमचा. आणि केक आइस्क्रीमचा, म्हणून फ्रिजवालं घर.

"आई," महेंद्र म्हणाला. महेंद्रचं 'आई' तीन प्रकारचं असतं. भूक लागल्याचं आखूड, पैसे हवे असल्याचं लांब, आणि वाईट बातमीचं, ज्यात शेवटचा 'ई' घसरत घसरत जमिनीला टेकतो. हे तिसरं होतं. "या ट्रिपला तू घरी थांब ना. लोक काय काय बोलतात. गिऱ्हाइकानं ऐकलं तर घाबरेल. मी करतो ना सगळं बंद."

"तू? तू गीझर बंद करत नाहीस. तुझ्या आंघोळीनंतर भिंतीला घाम येतो."

"आई, तसं नाही," प्रीती मध्ये पडली. "पण तुम्ही वाटेत फ्रिज बंद करणार आणि तिकडे केक वितळणार. पहिलंच गिऱ्हाईक आहे."

खूप घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की भिमाबाईंनी यायचं. केक उभाच्या उभा पोचला आणि गिऱ्हाइकाची काही तक्रार आली नाही, तर पुढची सीट कायमची त्यांची. पण केक झोपला किंवा तक्रार आली, तर त्या सीटवर भाज्यांचा क्रेट बसेल आणि भिमाबाई घरी.

"लिहून देऊ?" महेंद्रनं विचारलं.

"नको. तुझं अक्षर वाचून तक्रार येईल."

उल्हासनगरात केक चढवला. अम्मा म्हणजे मूठभर बाई, पांढरी ओढणी आणि डोळ्यांत शाळा बुडवल्याचा भाव. त्या सरळ फिरत्या घराच्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. "मैं इधर सोके जाएगी. रानी के माफिक."

भिमाबाईंनी आपलं कँटीनमधलं हिंदी बाहेर काढलं. "अम्मा, चलते डब्बे में कोई नहीं बैठता. वळण आया तो आप उधर, पलंग इधर, और केक दोनों के ऊपर."

मग अम्मांनी जीपमध्ये पुढे बसायचा हट्ट धरला, आणि खिडकीजवळच. भिमाबाई मधे सरकल्या. सीट वाचवायची म्हणून खिडकी सोडावी लागली. प्रीती मागे. ठाकुरदास आपल्या गाडीतून पाठोपाठ.

अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं, आणि भिमाबाईंना काटा दिसला. डिझेलचा. तो लाल रेघेवर पाय पसरून बसला होता.

"महेंद्र."

"पोचतो गं आई."

"काटा बघ."

"तो तसाच दाखवतो."

"तो खरं दाखवतो, तू तसाच बघतोस. वजनकाट्यापाशी थांबव."

जीप थांबली. तिकडे आण्णांनी चहा गाळता गाळता मान लांब केली. भिमाबाई घरात शिरल्या तोच मागून ठाकुरदास धावत आले. "क्या हुआ? पंक्चर?"

"नहीं. फ्रिज विझाती हूँ."

"अरे! केक है अंदर! मौसी, पाँच मिनट चालू रहा तो क्या होगा?"

"पाच मिनिट में सब होएगा. उसके बाद कुछ करने को आपुन नहीं रहेंगे." भिमाबाईंनी ज्योत विझवली. "रिक्षा में गॅस भरते तब सब लोग उतरते ना? क्यूँ उतरते? मग हमारा लाल्या क्या जावई है?"

ठाकुरदासांना जावई एवढंच कळलं, पण ते दारातून बाजूला झाले. भिमाबाईंनी पलंगावरची गोधडी ओढली, फ्रिजभोवती गुंडाळली आणि वरून दोरीनं करकचून बांधली, कुणी मधेच दार उघडून बघू नये म्हणून. फ्रिज ताप आलेल्या माणसासारखा दिसायला लागला. मग शेगडी बघितली, सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, वर टोपी बसवली, नाक लावून हुंगलं, रेग्युलेटर हातात धरूनच बाहेर येऊन चक्कर मारली आणि घसा साफ करून ओरडल्या,

"फ्रिज बंद! शेगडी बंद! लाल्या बंद!"

महेंद्र आरशात बघत होता. त्यानं इंजिन सुरू केलं.

भिमाबाई आपल्या मधल्या जागेवर येऊन बसल्या आणि त्यांचं नाक पुन्हा हललं. गॅस नव्हता. डिझेलही नव्हतं. त्यांनी हळूच अम्मांकडे बघितलं. अम्मा हळूच आकाशाकडे बघायला लागल्या.

"अम्मा, पेटी इधर दो."

"कौन सी पेटी?"

"जो आपके पदर के अंदर खडखड करती है."

"वो मेरी गोली है. बीपी की."

"बीपी की गोली को तंबाखू का वास नहीं आता."

अम्मांनी चोरट्या बोटांनी काडेपेटी काढून दिली. "एक ही पीती हूँ, छुप के. पंप पे ठाकुर पैसे देने जाएगा, तब दो फूँक..." मग एकदम भिमाबाईंचा हात धरून, "किसी को बोलना मत. मेरा बेटा मर जाएगा."

"बेटा नहीं मरेगा. पंप पे फूँकी तो आपुन सब मरेंगे." भिमाबाईंनी काडेपेटी कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचा बंद ओढला. अम्मांकडे बघून एकदाच मान हलवली. वचन झालं. डिझेलच्या इंजिनाच्या आवाजात महेंद्रला यातलं काही ऐकू गेलं नाही.

पंपावर गर्दी होती, आणि त्या गर्दीत तो नव्या स्कूटरवाला होता. "आली! मावशी आली!" तो ओरडला. झालं. आधी त्यानं आपल्या स्कूटरला चक्कर मारली. मग एका रिक्षावाल्यानं रिक्षाला मारली. टेम्पोवाल्यानं टेम्पोला मारली, तेव्हा त्याचा क्लीनर उलट्या दिशेनं येऊन त्याच्यावर आदळला. ठाकुरदासांना वाटलं या गावची ही पद्धत असेल. त्यांनी हात जोडून आपल्या गाडीभोवती फेरी घातली आणि शेवटी बॉनेटला नमस्कार केला. पंपाचा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला आणि म्हणाला, "मिरवणूक पंपाबाहेर! मिरवणूक पंपाबाहेर!" जीपमध्ये अम्मा खिडकीच्या कडेवर ताल धरून म्हणत होत्या, "बंद! बंद! बंद!"

भिमाबाई मधल्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. आज सासरे असते तर, असा विचार त्यांच्या मनात आला असावा.

डिझेल भरून जीप बारवीच्या रस्त्याला लागली. पंप मागे दिसेनासा झाला, तेव्हा एका मोकळ्या माळावर थांबले. रेग्युलेटर बसवला, साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा नाही. भिमाबाईंनी फ्रिजचं बटण दाबलं.

टक.

परत दाबलं. टक टक. ठिणगीच पडेना.

"गॅसचा लायटर?" महेंद्रनं विचारलं.

प्रीतीचा चेहरा पडला. "घरी. खिळ्याला."

"काडेपेटी?"

सगळ्यांनी भिमाबाईंकडे बघितलं. कारण या घरात काडेपेटी ठेवायची नाही, हा नियम त्यांचाच होता. दारावर तसा कागदही त्यांनीच चिकटवला होता.

"तुमच्याकडे?" महेंद्रनं ठाकुरदासांना विचारलं.

ठाकुरदासांनी कान धरले. "सिगरेट मैंने बीस साल पहले छोड़ दी. अम्मा को बास से नफ़रत है ना."

अम्मांनी खोकून दुसरीकडे बघितलं.

रस्त्यावर दुसरी गाडी नाही. ऊन माळावर पसरलेलं. गोधडीच्या आत केक बसलेला, आणि त्याला किती वेळ बसवेल ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रीती हळूच म्हणाली, "आई... सीट."

भिमाबाईंचा हात कमरेच्या पिशवीवर होता. पेटी काढावी तर कुणाची ते सांगावं लागेल, आणि वचन तर आताच दिलंय. न काढावी तर केक झोपेल, आणि सीट गेली. त्यांनी जीपच्या पुढच्या मोठ्या काचेकडे एकदा बघितलं. मग बंद सोडला आणि काडेपेटी वर काढली.

"आई!" हे महेंद्रचं चौथ्या प्रकारचं 'आई' होतं, यापूर्वी कुणीही न ऐकलेलं. "तुझ्याकडे काडेपेटी?"

"आहे."

"कशाला?"

भिमाबाईंनी काडी ओढली, ज्योत पेटवली, विझलेली काडी पाण्यात बुडवली. एवढं सगळं करेपर्यंत त्यांना दुसरं उत्तर सुचलं नाही.

"बिडी ओढते."

प्रीतीनं तोंडावर हात ठेवला. ठाकुरदास म्हणाले, "मौसी, इस उमर में?" आणि सगळ्यांत मोठ्यानं, नाकाला ओढणी लावून, अम्मा म्हणाल्या, "छी छी छी!"

बारवीला पोचले तेव्हा पाणी निळंशार पसरलेलं होतं आणि पलीकडे भाताची खाचरं हिरवी. फिरतं घर माळावर उभं राहिलं, मेज मांडलं गेलं, गोधडी सोडली. प्रीतीनं डोळे मिटून खोका उघडला आणि एक डोळा किलकिला केला.

केक उभा होता. वरच्या ऐंशीमधल्या शून्याला जरा पोट आलं होतं, बाकी सगळं ताठ.

भिमाबाईंनी श्वास सोडला. पण ठाकुरदासांनी घसा साफ केला. "केक एकदम फर्स्ट क्लास. पर महेंद्रजी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. हमारे साथ बच्चे आएँगे आगे... मौसी बीड़ी पीती हैं, गॅस के पास... मतलब यह तो कंप्लेंट की बात हुई ना?"

कंप्लेंट. तो शब्द माळावर पडला आणि महेंद्रनं मान खाली घातली. भिमाबाई जीपकडे बघत होत्या, आणि त्यांना पुढच्या सीटवर टोमॅटो दिसत होते.

अम्मांच्या तोंडात केकचा पहिला घास होता. त्यांनी तो शांतपणे गिळला. मग ओढणीच्या आत हात घातला, लाल दोऱ्यानं बांधलेलं बिड्यांचं बंडल काढलं आणि बरोबर मेणबत्तीच्या शेजारी ठेवलं.

"पेटी इसकी, तो यह किसका है? तेरे बाप का?"

ठाकुरदास खुर्चीवर बसायला गेले, खुर्ची नव्हती, तरी बसले. गवतातूनच त्यांचा आवाज आला, "अम्मा! मैंने तेरे लिए छोड़ी थी!"

"तो मैंने बोला था छोड़?"

मग जे हसणं सुटलं ते पलीकडच्या पाड्यापर्यंत गेलं. तिथून दोन कुत्री काय झालं बघायला आली आणि केक खाऊन गेली. ठाकुरदासांनी उठून कपडे झटकले आणि तक्रार मागे घेतली. नवी एकच ठेवली, की परतताना खिडकी मौसींना द्या, अम्माला मधे बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी लक्ष राहील.

तेव्हापासून ती सीट भिमाबाईंचीच.

आता राहिली माझी पैज. मी भिमाबाईंच्या शेजारची, आणि मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. आण्णांचा किटलीसकट येतो, महेंद्रदादाचे तीनही 'आई' येतात, चौथ्याचा सराव चालू आहे. आणि भिमाआजींचं 'लाल्या बंद' तर असं येतं की त्यांच्या घरची मांजर ओट्यावरून उडी मारते. मी त्यांना म्हटलं, "आजी, वजनकाट्यापाशी तुमच्या ऐवजी मी मागून ओरडले तरी दादा गाडी काढतील. लावता पैज? जिंकले तर बारवीपर्यंत खिडकी माझी."

"आणि हरलीस तर महिनाभर साबणाची बाटली तुझी," आजी म्हणाल्या.

त्यांनी आपलं सगळं काम केलं आणि हाताची घडी घालून डब्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या. मी घसा साफ केला, अगदी त्यांच्यासारखा, आणि दिलं सोडून: "फ्रिज बंद! शेगडी बंद! लाल्या बंद!" आत प्रीतीवहिनी म्हणाल्या, "चला." आण्णांनी किटली हातात धरली. जीप हलली नाही. मी परत ओरडले, या वेळी शेवटी खोकलेसुद्धा. जीप जागची हलेना.

मग आजी आडोशातून बाहेर आल्या आणि त्यांनी हातातला काढलेला रेग्युलेटर आरशासमोर धरला. जीप लगेच सुरू झाली.

"दादा, आवाजात काय चुकलं माझं?" मी खिडकीशी धावत जाऊन विचारलं.

"आवाज एक नंबर," महेंद्रदादा म्हणाले. "पण आईच्या बोलण्यावर कोण गाडी काढतं? तिनं 'बिडी माझी' पण तितक्याच जोरात सांगितलं होतं."

तर सध्या साबणाची बाटली माझ्याकडे आहे. आण्णांच्या मते भूत आता माझ्यात आलंय. काल एक जण नवी सायकल घेऊन आला होता. मी दोन थेंब टाकले.